माळ्यावरचा रोल उघडू नका, मशिनलाही देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा होतो तेव्हा अनेक घरांत एखादा न धुतलेला रोल हाती लागतो. कधी तो आजोबांच्या अग्फा क्लिक थ्रीच्या पोटात असतो, कधी बिस्किटांच्या जुन्या डब्यात सुया-बटणांबरोबर. मग आत काय आहे ते बघायला कोणीतरी कॅमेऱ्याचे झाकण उघडते, किंवा रोल सरळ जवळच्या कलर लॅबकडे जातो. दोन्ही वाटांनी आतली चित्रे बहुधा कायमची जातात. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या रोलवरूनही चेहरे ओळखू येतील अशी निगेटिव्ह निघू शकते. मात्र तो धुण्याची रीत नव्या रोलपेक्षा वेगळी आहे. आम्ही काही जण असे रोल नेमाने धुतो. ती रीत वाचकांपर्यंत पोचावी म्हणून हे पत्र, आणि ते लांबले याबद्दल क्षमस्व.

आधी आत काय घडलेले असते ते पाहू. फोटो काढला त्या क्षणी फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइडच्या (उजेडाने बदलणाऱ्या चांदीच्या संयुगाच्या) कणावर चांदीचे मोजके अणू एकत्र येऊन बसतात. हा झाला अदृश्य ठसा. डेव्हलपर हे रसायन त्या ठशाच्या आधाराने अख्खा कण काळ्या चांदीत बदलतो. वर्षे जातात तसा हा ठसा विरत जातो, आणि त्याच वेळी उजेड न लागलेल्या कणांवरही उष्णतेने आणि निसर्गातल्या किरणोत्साराने खोटे ठसे उमटत राहतात. त्या खोट्या ठशांमुळे सगळ्या फिल्मवर जो राखाडी थर चढतो तो फॉग. जितकी फिल्म वेगवान, म्हणजे उजेडाला संवेदनशील, तितका तो जास्त; एएसए हा त्या वेगाचा आकडा. त्यामुळे 400 एएसएच्या रोलपेक्षा 80 किंवा 125 एएसएचा त्याहून जुना रोलही अनेकदा चांगला निघतो.

स्वीडनच्या आंद्रे यांची बलूनमोहीम 1897 साली उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि बेपत्ता झाली. 1930 साली क्विटोया बेटावर तिचे अवशेष सापडले, त्यांत चित्रे घेतलेली पण न धुतलेली फिल्म होती. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती धुतली आणि 240 पैकी 93 चित्रे वाचवली. तेहतीस वर्षे ती फिल्म बर्फात होती, हे तिचे भाग्य. आपल्याकडचा रोल पत्र्याखालच्या माळ्यावर वीस-तीस उन्हाळे भाजून निघालेला असतो, आणि कोकणातला असेल तर दर वर्षी चार महिने ओल पीत बसलेला असतो. म्हणून परदेशी माणसाने तळघरातल्या रोलला लावलेली वेळ आपल्या रोलला जशीच्या तशी लागू पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. खरा ठसा आणि खोटा ठसा यांत डेव्हलपर भेद करत नाही, पण ठसा मोठा असेल तिथे काम आधी सुरू होते. चित्र पुढे असते, फॉग मागून चढत येतो. तेव्हा चित्र आलेले आणि फॉग पुरता न चढलेला अशा वेळी डेव्हलपर ओतून टाकायचा. यासाठी जोरकस डेव्हलपर, थोडा वेळ आणि थंड पाणी हवे. सध्या अनेक जण जुन्या रोलसाठी रॉडिनाल हा डेव्हलपर 1:100 करून तासभर न हलवता ठेवायला सांगतात. आमच्या मते उष्ण प्रदेशात पडून राहिलेल्या रोलला ही पद्धत घातक आहे. तासाभरात फॉगला वर यायला हवा तितका वेळ मिळतो, आणि न हलवल्यामुळे छिद्रांच्या रेषेत ब्रोमाइडचे ओघळ उमटतात ते वेगळेच.

सुरुवात रोल ओळखण्यापासून. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू, पूर्व जर्मनीच्या ऑर्वोचे एनपी 20, एनपी 22 आणि एनपी 27, कोडॅकचे प्लस-एक्स आणि ट्राय-एक्स हे कृष्णधवल. ऑर्वोच्या नावातला आकडा जर्मन मोजणीचा असतो: 20 म्हणजे 80 एएसए, 22 म्हणजे 125, 27 म्हणजे 400. ऑर्वोचा एनसी म्हणजे रंगीत निगेटिव्ह, यूटी म्हणजे रंगीत स्लाइड. कोडॅक, फुजी, कोनिकाच्या डबीवर सी-41 (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेचे नाव) छापलेले असेल तर ती अलीकडची रंगीत निगेटिव्ह; सी-22 असेल तर त्याआधीची, कारण 1972 साली सी-41 आले आणि सी-22 मागे पडले. 620 चा रोल म्हणजे 120 चीच (मागे कागद असलेली रुंद) फिल्म, फक्त चकती बारीक. 126 च्या कार्ट्रिजमधली फिल्म 35 मि.मी. रुंद असते, ती धुण्याच्या टाकीतल्या 35 मि.मी.च्याच रीळावर चढते. डबी उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया कुजू लागलेला आहे, काम लवकर उरका. 1950 च्या आधीची 35 मि.मी. फिल्म नायट्रेटची असण्याचा संभव असतो आणि नायट्रेट भडकून पेटते. तिला घरी हात लावू नये.

रोल कॅमेऱ्यात असेल तर झाकण उघडण्याआधी तो गुंडाळून घ्यायचा. क्लिक थ्रीसारख्या 120 च्या कॅमेऱ्यात मागची लाल खिडकी झाकून घुंडी हळूहळू फिरवत राहा. कागद दुसऱ्या चकतीवर पूर्ण गेला की ताण सुटल्याचे बोटांना कळते. 35 मि.मी.मध्ये खालचे रिवाइंडचे बटण दाबून दांडी अगदी सावकाश फिरवा. जुनी फिल्म ठिसूळ असते, झटका दिला की छिद्रे फाटतात. भरभर ओढली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांनी फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटतात. जोर लागतोय असे वाटले तर थांबा आणि कॅमेरा चेंजिंग बॅगमध्ये (बाहेरून हात घालता येणाऱ्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) घालून आतच उघडा.

लाल दिव्याचा गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. स्टुडिओतला लाल दिवा कागदावर प्रिंट काढण्यासाठी असतो. वर सांगितलेल्या सगळ्या फिल्म्स लाल उजेडालाही काळ्या पडतात. काळोख म्हणजे मिट्ट काळोख: मनगटावरचे चमकणारे घड्याळ नको, एसीचा हिरवा ठिपका नको, दाराच्या फटीत टॉवेल हवाच.

वर्षानुवर्षे घट्ट गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी वळते आणि प्लास्टिकच्या रीळावर अर्ध्यात अडते. तिच्यासाठी स्टीलचे रीळ बरे. प्लास्टिकचेच असेल तर ते हेअर ड्रायरने पूर्ण कोरडे करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात फिल्म चिकटलीच म्हणून समजा. 120 च्या रोलमध्ये फिल्म एका टोकाला चिकटपट्टीने कागदाला जोडलेली असते. ती पट्टी टरकन ओढली तर काळोखात निळसर ठिणगी दिसते आणि तिचा डाग फिल्मवर उतरतो. पट्टी ओढू नका, कात्रीने कापा.

रसायनांत आमची पहिली पसंती एचसी-110 या डेव्हलपरला, कारण तो मुळातच फॉग कमी चढवतो. प्रमाण 1:31, म्हणजे अर्ध्या लिटरसाठी 16 मि.ली. द्रव आणि 484 मि.ली. पाणी. जुन्या बाटलीतला द्रव पाकासारखा घट्ट असतो, मापाच्या भांड्याला चिकटून राहतो आणि माप चुकते. बिनसुईच्या 20 मि.ली.च्या सिरिंजने घ्या आणि सिरिंज त्याच पाण्यात दोनदा विसळा.

तो मिळाला नाही तर डी-76 घरी करता येतो. 750 मि.ली. पाणी 50 अंशांपर्यंत गरम करून त्यात चिमूटभर सोडियम सल्फाइट टाका, मग मेटॉल 2 ग्रॅम, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि शेवटी टाकणखार 2 ग्रॅम. सल्फाइट एकूण 100 ग्रॅम, निर्जल. पाणी घालून एक लिटर करा. क्रम पाळायचा, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळत नाही, आणि चिमूटभरही सल्फाइट नसेल तर मेटॉल हवेने तपकिरी पडते. रसायनांच्या दुकानात सल्फाइट मागितले की कधी सल्फेट किंवा सल्फाइड हातात येते. बाटलीवरचे अक्षर वाचून घ्या. मेटॉलने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, हातमोजे घाला.

फॉग दाबण्यासाठी बेंझोट्रायझोल वापरतात. 1 ग्रॅम 100 मि.ली. गरम पाण्यात विरघळवले की एक टक्क्याचे द्रावण होते. अर्ध्या लिटर डेव्हलपरमध्ये त्याचे 5 मि.ली. पुरे. ते फॉगबरोबर सावल्यांतला अशक्त ठसाही दाबते, आणि जुन्या रोलवर तर सावल्यांत आधीच थोडेच उरलेले असते. त्यामुळे चाचणीत गरज दिसली तरच, आणि थोडेच घाला.

ही चाचणी मात्र चुकवू नका. एकमेव रोल आहे म्हणून कापायला हात धजावत नाही हे आम्हाला कळते, पण चाचणीशिवाय धुणे म्हणजे त्याच एकमेव रोलवर जुगार खेळणे आहे. 35 मि.मी. रोलचे डबीबाहेर राहिलेले टोक उजेड खाऊन बसलेले असते, त्यात चित्र नसते. त्याचा तुकडा दिवसाउजेडी हायपोत (डेव्हलपरनंतर उरलेले सिल्व्हर हॅलाइड काढून चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) टाका आणि घड्याळ लावा. दुधाळ तुकडा पारदर्शक व्हायला चार मिनिटे लागली तर अख्ख्या रोलला किमान आठ मिनिटे हायपो लागेल. जुन्या फिल्मचा थर जाड असतो, नव्या फिल्मच्या अंदाजाने थांबलात तर मधे पांढुरके ढग राहतात. दुसरा तुकडा काळोखात कापायचा: रोलच्या आतल्या टोकाचा, चकतीजवळचा चार-पाच सेंटिमीटर. तिथे सहसा चित्र नसते. तो ठरवलेल्या वेळेइतका डेव्हलपरमध्ये ठेवून, हायपो करून, धुऊन आजच्या वर्तमानपत्रावर ठेवा. खालची बातमी वाचता आली तर फॉग हाताळण्याजोगा आहे. अक्षरे दिसेनाशी झाली तर वेळ एक-दीड मिनिटाने कमी करा, तापमान 20 वरून 17-18 अंशांवर आणा, किंवा बेंझोट्रायझोल घाला. 15 अंशांच्या खाली जाऊ नका, त्या थंडीत हायड्रोक्विनोन जवळपास कामच करत नाही.

मध्यम वेगाच्या कृष्णधवल रोलला आमचा सुरुवातीचा अंदाज असा: एचसी-110 मध्ये 20 अंशांवर 7 मिनिटे, पाणी न मिसळलेल्या डी-76 मध्ये 8. शेवटचा शब्द चाचणीचा. आधी त्याच तापमानाच्या साध्या पाण्यात तीन मिनिटे भिजवा. हे पाणी निळे, हिरवे किंवा जांभळे बाहेर आले तर घाबरू नका, तो फिल्मच्या पाठीवरचा रंग असतो. मग डेव्हलपर. पहिले अर्धे मिनिट टाकी सलग उलटी-सुलटी करा, पुढे दर अर्ध्या मिनिटाला पाच सेकंद. वेळ झाली की डेव्हलपर ओता आणि लगेच दोन वेळा साध्या पाण्याने भरा-रिकामे करा. आम्ही जुन्या रोलला आम्लाचा स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम एकदम थांबवणारे द्रावण) देत नाही. मऊ झालेल्या जिलेटिनला तो एकाएकी बसणारा धक्का नको.

हायपो साधाच: लिटरला 250 ग्रॅम हायपोचे खडे आणि 25 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. खडे विरघळताना पाणी इतके थंड पडते की भांड्याला बाहेरून दव येते, म्हणून सुरुवात 50 अंशांच्या पाण्याने करा आणि मेटाबायसल्फाइट मात्र द्रावण निवल्यावर घाला. गरमात घातले तर गंधक सुटून ते दुधाळ होते.

बहुतेकांचा घात यानंतर होतो. डेव्हलपर 20 अंशांवर सांभाळलेला असतो, हायपोही, आणि शेवटी टाकी नळाखाली धरली जाते. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी 32-33 अंशांचे असते. जुने जिलेटिन तेवढ्यात फुगते, त्यावर साईसारख्या बारीक सुरकुत्या पडतात, कडा सुटून झालर होते. सुरकुतलेले चित्र पुन्हा सपाट होत नाही. सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणी एकमेकांपासून दोन अंशांच्या आत राहिले पाहिजे. पाच लिटर पाणी आधीच 20 अंशांवर आणून बादलीत ठेवा. बर्फ थेट न टाकता पिशवीत बांधून सोडा. इतके पाणी पुरते, कारण वाहत्या नळाची गरजच नाही: टाकी भरून पाच वेळा उलटवा आणि पाणी बदला, मग दहा वेळा, मग वीस वेळा. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्या.

रंगीत रोलच्या बाबतीत रंगांवर पाणी सोडायची तयारी ठेवावी. सी-41 च्या मशिनमध्ये डेव्हलपर 37.8 अंशांचा असतो. सी-22 आणि ऑर्वोच्या रंगीत फिल्म्स इतक्या उष्णतेसाठी बनलेल्याच नव्हत्या. त्यांचा थर तिथे सुटतो, रोलरला लागतो आणि पाठोपाठ येणारे इतरांचे रोलही नासतात. लॅबवाले असे रोल परत करतात ते बरोबरच आहे. कोडॅक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्ममध्ये तर रंगच नव्हते, ते डेव्हलपरमधून येत. ती प्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या लॅबने 2010 च्या अखेरीस असे रोल घेणे थांबवले. पण या सर्व फिल्म्समध्ये चित्र आधी चांदीचेच उमटते. कृष्णधवलच्या रीतीने, 20 अंशांवर धुतले की ते चित्र मिळते. रंगीत प्रक्रियेतला ब्लीच मात्र चुकूनही लावू नका, तो हीच चांदी काढून टाकतो. अशी निगेटिव्ह तपकिरी-पिवळी आणि गडद दिसते, कारण रंगीत फिल्ममधला पिवळा चांदीचा थर हायपोने जात नाही. दिसायला निराशाजनक, पण स्कॅन होते. कोडॅक्रोमच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो; तो टाकणखाराच्या पाण्यात मिनिटभर भिजवून, हायपोनंतर फक्त पाठीवरून ओल्या कापसाने पुसायचा. चित्राच्या बाजूला कापूस लागता कामा नये. सी-41 चा रोल 2000 च्या आसपासचा असेल आणि कपाटात, तुलनेने थंड जागी राहिलेला असेल, तर रंगांसाठी प्रयत्न करणे योग्य. नव्वदच्या आधीचा असेल तर आम्ही कृष्णधवलच धुतो.

बुरशी लागलेला रोल हे वेगळेच दुखणे. बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते. मग त्या जागी चित्र राहत नाही, पारदर्शक नक्षी राहते. असा संशय असेल तर आधीचे भिजवणे गाळा, तापमान 18 अंश ठेवा, आणि हायपो तुरटीचा वापरा, म्हणजे थर घट्ट होतो. लिटरला हायपो 240 ग्रॅम, सल्फाइट 15 ग्रॅम, 28 टक्के ॲसेटिक आम्ल 48 मि.ली., बोरिक आम्ल 7.5 ग्रॅम आणि तुरटी 15 ग्रॅम, याच क्रमाने, एक विरघळल्यावर दुसरे. नुसत्या हायपोत तुरटी कुटून टाकली तर गढूळ गाळ होतो आणि तो फिल्मवर बसतो. या हायपोनंतर धुणे दुप्पट करा. घरात पूर्वीच धुतलेल्या निगेटिव्हवर बुरशी दिसली तर ती पाण्याने कधीच पुसू नका; आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापूस.

ओली फिल्म बोटांच्या चिमटीत धरून निथळायची सवय अनेकांना असते. जुन्या फिल्मचा थर तेवढ्यानेही ओरखडतो. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकून फिल्म बाथरूममध्ये टांगा, खाली चिमटा लावा, पंखा बंद ठेवा, दार लावून घ्या.

वाळलेली निगेटिव्ह पाहून लगेच ती निकामी ठरवू नका. डोळ्याला राखाडी पट्टी दिसते, तिच्यात चित्र असते. फॉग सगळीकडे सारखा असेल तर तो संगणकावर वजा होतो. स्कॅनरचा दिवा कमी पडला तर एलईडीच्या पांढऱ्या पाटीवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने क्लोज-अप घ्या, भोवतालचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका, आणि कमी-जास्त एक्सपोजरची तीन-चार चित्रे घ्या. 120 च्या रोलवर मधेच आकडे आणि ठिपके दिसतील; ते मागच्या कागदावरची शाई उतरल्याचे, धुण्यातली चूक नव्हे. फॉग उतरवायला फेरिसायनाइडचा रिड्यूसर असतो, पण तो सावल्यांतला बारीक तपशील आधी खातो. निगेटिव्हचे फोटो घेऊन होईपर्यंत तो लावू नका, आणि एकच प्रत असेल तर नंतरही नको.

वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते. तो झाडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, वर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा; एक्स-रे फिल्म आणि हायपोतून चांदी काढणारे लोक तो घेतात.

आपले नम्र,
जुने रोल धुणारे काही वाचक, पुणे